लेक दोन वर्षांचा, घरात भाषांची गर्दी : आजीची बोली बंद करायची का?

निंबोळी | ९ जुलै, रात्री ११:१२

मंडळी, बरीच वर्षं इथे वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. आधी चर्चा झाली असेल तर तिकडे पाठवा.

आम्ही मानेवाड्याला राहतो. मुलगा परवा २५ महिन्यांचा झाला. चालणं, धावणं, जिने चढणं सगळं वेळेवर झालं. बोलणं मात्र अडलंय. काल रात्री मोजले तर १८ शब्द भरले. दोन शब्द जोडून अजून एकदाही बोललेला नाही. काही हवं असलं की माझं बोट धरून नेतो आणि दाखवतो.

घरातलं सांगते. मी त्याच्याशी मराठी बोलते, आपण नागपुरात बोलतो तशी. सासूबाई यवतमाळकडच्या, त्यांची वऱ्हाडी पक्की. दिवसा सांभाळायला येतात त्या ताई छत्तीसगडच्या, त्यांची हिंदी आणि मधूनमधून छत्तीसगढी. खाली अंगणात सगळी पोरं हिंदीतच खेळतात. जूनच्या शेवटी दोन तासांचं प्ले स्कूल सुरू केलं, तिथे इंग्रजी.

शनिवारी तिथल्या बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "इतक्या भाषांनी त्याचा गोंधळ झालाय. घरी एकच ठेवा, शक्यतो इंग्रजी. आणि आजींची ती बोली तर पहिले बंद करा." सासूबाई माझ्यासोबतच होत्या.

तेव्हापासून त्या घरात नातवाशी जपून जपून बोलतात, म्हणजे बोलतच नाहीत. काल पोरगा मांडीवर जाऊन बसला, त्यांच्या बांगड्या वाजवत होता, आणि त्या नुसतं त्याच्या केसांतून हात फिरवत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "मी बोलली तं पोराची जीभ बिघडते म्हणते ना थे बाई. मंग मी कायले बोलू?"

मला झोप लागत नाहीये. खरंच भाषा जास्त झाल्या का? कोणती काढायची?

बर्डीचा चौक | ९ जुलै, रात्री ११:४०

ताई, टेन्शन नका घेऊ. पोट्टे उशिराच बोलतात. माझा भाचा तीन वर्षांपर्यंत गप्प होता, आता त्याला गप्प करायला पैसे द्यावे लागतात. थोडं वेखंड उगाळून चाटवा, आमच्याकडे सगळ्यांना दिलंय.

श्रवणवाट | १० जुलै, सकाळी ७:०५

मी वाचा आणि श्रवण तज्ज्ञ आहे, १६ वर्षं हेच काम करते. निंबोळी, दोन गोष्टी लगेच सांगते, बाकी सवडीने लिहीन.

पहिली : भाषा जास्त झाल्यामुळे मूल बोलायचं थांबत नाही. दोन-तीन भाषांत वाढणारी मुलंही पहिला शब्द वर्षाच्या आसपास आणि जोडशब्द, म्हणजे दोन शब्द जोडून बोलणं, दोनच्या आसपास बोलतात, एका भाषेत वाढणाऱ्यांसारखीच. तेव्हा आजींना आजच, आत्ताच, चहा पितानाच सांगा की नातवाशी बोला. हे मी तपासणीशिवाय, डोळे मिटून सांगू शकते.

दुसरी : म्हणून "काही काळजी नाही" असंही मी म्हणणार नाही. दोन वर्षं पूर्ण झाली, शब्द ५० च्या खाली आणि जोडशब्द नाही, तर पहिलं काम म्हणजे कानाची तपासणी. मुलगे-मुली यांच्यातला सरासरी फरक महिन्या-दोन महिन्यांचा असतो. "मुलगा आहे, बोलेल" या वाक्यावर माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांचं वर्ष वाया गेलेलं असतं. बर्डीचा चौक, तुमच्या भाच्याचं छान झालं, पण तो बोलेल की नाही हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आणि वेखंड नको. त्याने वाचा येत नाही, आणि लहान मुलांना त्याचा अपायच होऊ शकतो.

मला हे कळवा : मागून हळू हाक मारली तर वळतो का? सर्दी वारंवार होते का? बोटाने दाखवताना तुमच्या चेहऱ्याकडे बघतो का? जन्मल्यावर श्रवण चाचणी झाली होती का?

आणि शब्द पुन्हा मोजा. एकट्या नाही, घरातल्या सगळ्यांना विचारून. सगळ्या भाषांतले. उच्चार बोबडा चालेल, प्राण्यांचे आवाज चालतील. एकाच गोष्टीसाठी तोच आवाज पुन्हा पुन्हा काढत असेल तर तो शब्द.

निंबोळी | १० जुलै, दुपारी २:३०

खूप आभार. बोट दाखवतो आणि माझ्याकडे बघतो, नक्की. जन्मल्यावर चाचणी झाल्याचं आठवत नाही, फाइलमध्ये कागद नाही. सर्दी मात्र नोव्हेंबरपासून जवळजवळ मार्चपर्यंत होती, एक गेली की दुसरी. हाकेचं म्हणाल तर कधी वळतो, कधी नाही. आम्हाला वाटायचं खेळात रमतो.

शब्द मोजते सगळ्यांना विचारून.

फुटाळ्याकाठी | १० जुलै, रात्री १०:१५

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. बाळाचा मेंदू भाषा कशी उचलतो हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय, म्हणून लांब लिहिते आहे. निंबोळी, हे तुमच्या सासूबाईंना वाचून दाखवा.

बाळ जन्मतं तेव्हा त्याचे कान कोरे नसतात. शेवटच्या तीन महिन्यांत पोटातल्या पाण्यातून त्याला आईचा आवाज ऐकू येत असतो. शब्द नाही येत, चाल येते. शेजारच्या खोलीत कोणी बोलतंय आणि भिंतीतून फक्त हेल पोचतोय, तसं. १९८० मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली, एका लयीत चोखलं की आईचा आवाज, दुसऱ्या लयीत परक्या बाईचा. बाळांनी आईच्या आवाजाची लय पकडली. २००९ मध्ये जर्मन आणि फ्रेंच मिळून ६० नवजात बाळांचं रडणं तपासलं, तर फ्रेंच बाळांचं रडणं चढत जाणारं आणि जर्मन बाळांचं उतरत जाणारं निघालं, जशी त्या त्या भाषेची चाल. माणूस रडतो तेही आईच्या भाषेत, जन्मल्या आठवड्यातच! आणि गरोदरपणात दोन भाषा बोलणाऱ्या आयांची बाळं जन्मतःच दोन्ही भाषांकडे कान देतात, हेही तपासून झालंय.

आता आपल्या कामाची गोष्ट. त आणि ट. आपल्याला हे दोन आवाज किती वेगळे वाटतात! ताट म्हणा, टाट म्हणा. पण इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला तो फरक धड ऐकूच येत नाही. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये हिंदीतले नेमके हेच दोन आवाज इंग्रजी घरातल्या बाळांना ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या जवळपास सगळ्या बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत तो कळणारी थोडीच उरली. हिंदी घरातल्या बाळांचा फरक मात्र शाबूत होता. म्हणजे सहा महिन्यांचं बाळ जगातल्या कुठल्याही गावाचं होऊ शकतं, वर्षाचं होईतो ते आपल्या गावाचं होतं. जे आवाज रोज कानावर पडतात त्यांच्या वाटा मेंदूत रुंद होतात, न पडणाऱ्यांच्या बुजतात. आवाज ऐकणाऱ्या भागातल्या पेशींच्या जोडण्या पहिल्या काही महिन्यांतच सर्वात दाट होतात, विचार आणि वाक्यं जुळवणाऱ्या पुढच्या भागातल्या त्यानंतर कितीतरी उशिरा. छाटणीही त्याच क्रमाने होते.

शब्द कसे सापडतात ते तर याहून नवलाचं. आमच्या गल्लीत सकाळी भाजीवाला ओरडत जातो : आलूकांदेसांबारभेदर. (पुण्यामुंबईच्या मंडळींसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर, भेदर म्हणजे टमाटे.) या हाकेत कुठेही फट नाही. बाळाला कोण सांगणार की शब्द 'कांदेसां' नाही, 'सांबार' आहे? बाळ ते स्वतः काढतं. 'सां'च्या मागे 'बार' येतंच येतं, पण 'बार'च्या मागे आज भेदर, उद्या पालक, परवा वांगी. जिथे पुढचं सांगता येत नाही तिथे शब्द संपला. १९९६ मध्ये आठ महिन्यांच्या बाळांना अर्थ नसलेल्या अक्षरांची अशी एक सलग माळ फक्त दोन मिनिटं ऐकवली, आणि बाळांनी तिच्यातले 'शब्द' वेगळे ओळखले. दोन मिनिटं! तुमच्या लेकाने तर दोन वर्षं आजी ऐकली आहे.

शेवटचं, आणि तुमच्यासाठी सर्वात महत्त्वाचं. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसवली. चार आठवड्यांत बारा बैठका, खेळणी, पुस्तकं, गप्पा. बाळं चिनीतला एक अवघड फरक चिनी बाळांइतकाच ओळखू लागली. तीच माणसं, तेच बोलणं दुसऱ्या गटाला टीव्हीवर दाखवलं. काहीही शिकली नाहीत. नुसत्या ध्वनिमुद्रणानेही नाही. आवाज तेच होते, फक्त समोर माणूस नव्हता.

म्हणून मला विचाराल तर घरातून काढायचंच असेल तर टीव्ही आणि मोबाइल काढा. आजी काढू नका.

संत्र्याची फोड | १० जुलै, रात्री १०:५०

फुटाळ्याकाठी, जपून ठेवण्यासारखा प्रतिसाद. सात महिन्यांची लेक मांडीवर आहे आणि मी तिला आत्ता ताट-टाट, ताट-टाट म्हणून दाखवते आहे. बघते आहे माझ्या तोंडाकडे टक लावून.

थेट बोलतो | ११ जुलै, सकाळी ९:२०

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये.

संशोधन ठीक. पण मी नागपूरहून पुण्याला नोकरीला गेलो तेव्हा "मी जेवून राहिलो" म्हटलं की आख्खी टीम हसायची. दोन वर्षं मी मीटिंगमध्ये मराठी बोललोच नाही, सरळ इंग्रजी. तो अपमान मी विसरलेलो नाही. माझ्या मुलीवर ती वेळ येऊ नये म्हणून आम्ही घरात प्रमाण मराठीच बोलतो, माझ्या आईलाही तसंच सांगितलंय. मेंदूला सगळं झेपत असेल, पण समाजाला झेपत नाही. आणि निदान एका माणसाने एकच भाषा बोलावी, आई मराठी, बाबा इंग्रजी, असं तरी काटेकोर पाळायला हवं ना?

महालातले गुरुजी | ११ जुलै, दुपारी १२:४५

थेट बोलतो, तुमचा सल मला कळतो. हसणाऱ्यांचं चुकलंच. पण त्याची शिक्षा तुमच्या आईला का?

"जेवून राहिलो" ही चुकीची मराठी नाही. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची. कचेरीत हिंदी, घरात मराठी, बाजारात दोन्ही. "खा रहा हूँ"च्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यावर आपल्या क्रियापदाने ती धाटणी उचलली. वऱ्हाडीत डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया, जवळचं जवय. बघा, कुठेही वाटेल तसं नाही, ळ गेला की य आला, नियमाने. नियम पाळणारं बोलणं ऐकून मूल बिघडेल कसं?

मी गडचिरोली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत १९ वर्षं होतो. पहिलीत येणारी पोरं घरी गोंडी बोलायची. गोंडी द्राविडी कुळातली, तेलुगूची नातेवाईक, मराठीशी रक्ताचं नातं नाही. मी नवा होतो. मराठीत शिकवायचो, पोरं गप्प. महिना गेला, दोन गेले. वहीत मी शेरे लिहिले होते : 'मंद', 'बोलत नाही'. आज त्या शेऱ्यांची मला लाज वाटते. एक दिवस मधल्या सुट्टीत हापशाजवळ उभा होतो. तीच पोरं एकमेकांवर पाणी उडवत अशी काही बोलत होती, भांडत होती, गोष्टी सांगत होती, की मी बघतच राहिलो. त्यातल्या एकीला मी विचारलं, पाण्याला काय म्हणता? "येर." दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकीकडे पाणी, दुसरीकडे येर लिहिलं. त्या पोरीने पहिल्यांदा वर्गात तोंड उघडलं, माझा उच्चार सुधारायला.

तिला भाषा येत होती. मलाच तिची येत नव्हती. घरची भाषा भक्कम असलेलं मूल त्या भाषेला धरून दुसरी शिकतं, हे मी पुढे वर्षानुवर्षं पाहिलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही निदान पाचवीपर्यंत घरची भाषा म्हटलंय ते उगीच नाही.

श्रवणवाट | ११ जुलै, रात्री ९:३०

गुरुजी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

थेट बोलतो, 'एक माणूस एक भाषा' ही एक पद्धत आहे, नियम नाही. आपल्याकडे अशी घरंच कुठे असतात? आई एकाच वाक्यात "चल, शूज घाल, लेट हो रहा है" म्हणते. मुलं तेही निभावून नेतात. मूल स्वतः दोन भाषा मिसळून बोलतं तेव्हाही तो गोंधळ नसतो. एका भाषेत शब्द सापडला नाही की ते दुसरीतला वापरतं, आपणही तेच करतो. तीन-चार वर्षांचं मूल आजीशी "माहा", बाईंशी "माझा" असं आपोआप बदलून बोलू लागतं. एकेका भाषेतले शब्द त्याच वयाच्या एकभाषी मुलाहून कमी असू शकतात, सगळ्या मिळून मोजले की भरून निघतात. म्हणून मी सगळ्यांना विचारून मोजायला सांगितलं होतं.

आता मूल शिकतं कसं, याचं माझं आवडतं उदाहरण. अडीच-तीन वर्षांचं मूल "मी करला" म्हणतं. "बाबा येला", "पाऊस जाला" म्हणतं. घरात कोणीही असं बोलत नाही! केला, आला, गेला हेच त्याने ऐकलंय. मग 'करला' कुठून आलं? बसला, पडला, झोपला ऐकून त्याने नियम काढला की क्रियापदाला ला लावायचा, आणि तो सगळीकडे लावला. ही नक्कल नाही, व्याकरण आहे. १९५८ मध्ये जीन बर्को यांनी मुलांना एका काल्पनिक पक्ष्याचं बनावट नाव शिकवलं आणि असे दोन असले तर काय म्हणाल, असं विचारलं. कधीच न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी बरोब्बर केलं. तेव्हा मूल 'करला' म्हणालं की हसू नका, ओरडू नका, "हो, तू केलास!" इतकंच म्हणा. काही महिन्यांत ते स्वतःच दुरुस्त करतं.

तसंच आपण आणि आम्ही. "आपण बागेत जाऊ" आणि "आम्ही बागेत जाऊ" यात ऐकणारा आत आहे की बाहेर, हे इंग्रजीत सांगायची सोयच नाही. मराठी मुलाला ते खेळताखेळता कळतं, कारण बाहेर ठेवलं की रडू येतं.

उच्चारांचं : प, ब, म आधी येतात, कारण ओठ दिसतात. र, ळ, ण उशिरा. चार वर्षांचं मूल शाळेला 'शाला' म्हणालं तर थांबायला हरकत नाही.

घरी काय करायचं? शब्दांचा मारा नको. "हे काय? ते काय? म्हण ना, म्हण!" हा तर अजिबात नको. २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांची घरातली बोलणी दिवसभर ध्वनिमुद्रित केली आणि नंतर गोष्ट ऐकताना त्यांचा मेंदू तपासला. मुलाने किती शब्द ऐकले यापेक्षा किती वेळा देवाणघेवाण झाली, मूल बोललं-मोठं बोललं-पुन्हा मूल, याच्याशी मेंदूच्या डाव्या बाजूच्या, बोलण्याशी जोडलेल्या ब्रोका भागाच्या हालचालीचं नातं जास्त घट्ट निघालं. म्हणून एक बोला आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा. मुलाची पाळी त्याला द्या. मोठ्यांना हे फार जड जातं, माझ्या अनुभवात आयांना सर्वात जास्त.

आणि मांडीवर डोलवत म्हणायची गाणी, भुर्र, चिऊ-काऊ, मम्म, जो-जो ही 'बाळबोली' बंद करू नका. ताणलेले स्वर, उंच पट्टी, दुहेरी अक्षरं यांमुळे बाळाला शब्दांच्या कडा सापडतात. जगभरच्या बहुतेक आया असंच बोलतात.

पण कानाची तपासणी टाळू नका. वरचं सगळं ऐकू येत असेल तर.

अंबाझरीची लाट | १२ जुलै, पहाटे १:१०

रात्री उशिरा लिहिते आहे, आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आम्हाला ती अडीच वर्षांची होईपर्यंत कळलं नाही. सहा महिन्यांची असताना ती इतर बाळांसारखीच आवाज काढायची, म्हणून शंका आली नाही. मग हळूहळू आवाज कमी झाले. दीड वर्षाची असताना मी एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, थांबा, काही मुलं उशिरा बोलतात. मी थांबले. ते एक वर्ष मला परत कोणी देत नाही.

आता मला पाठ आहे : एका महिन्याच्या आत पहिली चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू. १-३-६. बाळ झोपलेलं असतानाही होते, दुखत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा पथक तपासणीला येतं, त्यात बहिरेपणाही आहे. खासगीत परवडत नसेल तर तिथे विचारा. केंद्राच्या ॲडिप योजनेतून (अपंगांना साधनं देणारी योजना) लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटही (कानात शस्त्रक्रियेने बसवायचं ऐकण्याचं यंत्र) होतं, पण वय वाढत जातं तसा उपयोग कमी होत जातो, कारण ऐकण्याचा मेंदूतला भाग रिकामा राहत नाही, त्याला दुसरी कामं लागतात.

लेक आता नऊची आहे. इम्प्लांट आहे, बोलते, आणि आम्ही घरात खुणांची भाषाही शिकलो. खुणांची भाषा शिकलं तर मूल बोलणार नाही असं आम्हाला सांगितलं होतं. उलट पहिलं भांडण, पहिली थट्टा, पहिला "का?" मला तिच्या हातांतून मिळाला. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या शेवटी बहिऱ्या मुलांची शाळा निघाली, तिथे मोठ्यांनी खुणांची भाषा शिकवलीच नव्हती. मुलांनी एकमेकांत स्वतःची तयार केली, आणि मागाहून आलेल्या लहान मुलांनी तिला पुरतं व्याकरण दिलं. हे वाचलं त्या रात्री मी खूप रडले. मेंदू भाषेसाठी इतका आसुसलेला असतो.

निंबोळी, उद्याच जा.

बर्डीचा चौक | १२ जुलै, सकाळी ८:००

लाट ताई, माझा वरचा सल्ला मी मागे घेतो. बहिणीला फोन करून दुसऱ्या भाच्याची चाचणी झाली का तेही विचारलं. झाली नव्हती. सोमवारी नेणार आहे.

निंबोळी | २६ जुलै, रात्री १०:०५

सगळ्यांना एकत्र उत्तर देते आहे, मध्ये पावसाने दोन वेळा अपॉइंटमेंट पुढे गेली.

आधी शब्द. तीन रात्री बसून यादी केली. माझ्याकडे १८ होते, सासूबाईंकडे आणखी १४ निघाले. डोया, केय, जांब, हाव, नोको... पोरगा जांब म्हणतो हे मला माहीतच नव्हतं, कारण मी पेरू म्हणते आणि तो माझ्यापुढे गप्प असतो. ताईंकडे ११. त्यातला एक सांगते. जेवताना तो "अउ, अउ" करतो, मला वाटायचं कुरकुर करतोय, मी ताट बाजूला घ्यायची. ताई म्हणाल्या, "दीदी, वो और माँग रहा है." छत्तीसगढीत अउ म्हणजे आणखी. माझा लेक महिनोन्‌महिने मला आणखी भात मागत होता.

एकूण ४३.

कानाचं : दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलंय. लांबलेल्या सर्दीनंतर मुलांमध्ये होतं म्हणाले. पाण्यात बुडी मारून ऐकल्यासारखं ऐकू येत असणार. नस चांगली आहे, बेराचा (आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी चाचणी) रिपोर्ट नॉर्मल. तीन महिने वाट बघायची, बहुतेक मुलांचं आपोआप निवळतं, ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा तपासणी, नाही उतरलं तर पुढचा विचार. तोवर समोर बसून, तोंड दिसेल असं, टीव्ही बंद करून बोलायचं.

प्ले स्कूलच्या बाईंना रिपोर्ट दाखवला. त्यांनी त्याला पुढच्या ओळीत बसवलं आहे. भाषेच्या सल्ल्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही विषय काढला नाही.

सासूबाईंना फुटाळ्याकाठी आणि गुरुजींचे प्रतिसाद वाचून दाखवले. रडणाऱ्या बाळांचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. डोयाचं ऐकून म्हणाल्या, "म्हंजे माह्या बोलन्याले बी कायदा हाय." दुसऱ्या दिवशी पहाटे देवघरातून आवाज आला, नातवाला मांडीवर घेऊन गणपतीचे डोये, कान, सोंड दाखवणं चालू होतं.

श्रवणवाट | २६ जुलै, रात्री १०:४०

४३ म्हणजे अगदी काठावर, आणि कानात पाणी असताना ४३. जोडशब्दाकडे लक्ष ठेवा. 'अउ' आहे ना त्याच्याकडे? मग ताईंना सांगा, तो अउ म्हणाला की "अउ भात?" असं विचारून थांबायचं. आजींनाही तेच. आणि ऑक्टोबरची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा, सुधारणा दिसली तरी चुकवू नका.

थेट बोलतो | २७ जुलै, सकाळी ९:१५

काल आईला म्हटलं, तुला वाटेल तसं बोल नातीशी. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, सवय गेली रे. आता रोज रात्री झोपताना एक गोष्ट सांगायची असं ठरलंय. मुलीला निम्मी कळली नाही, पण ती उठून गेली नाही.

निंबोळी | तान्ह्या पोळ्याच्या रात्री

आज मुलाला लाकडी बैल घेऊन गल्लीत नेलं. सासूबाईंनी बैलाला झूल शिवली होती, शिंगांना बेगड. चार घरी बोजारा (पोरांना द्यायचा खाऊ-पैसे) मिळाला. पाचव्या घरी शेजारच्या मुलाने बैलाची दोरी ओढली, आणि आमच्या साहेबांनी ती दोन्ही हातांनी धरून, लालबुंद होऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं : "माहा बैल!"

माझे हातपाय गळाले. सासूबाई तिथेच खाली बसल्या, त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि म्हणाल्या, "हाव बाप्पा, तुहाच बैल. काय नाव ठेवतं त्याचं?"

मी मध्ये बोलणार होते. त्यांनी माझा हात दाबला. ओठ हलत होते त्यांचे, दहापर्यंत मोजत होत्या.